तिसरा हॉर्न

शुक्रवार, ९ डिसेंबर १९८३. सकाळी आठ वाजून चाळीस मिनिटांनी सालईटोल्याच्या यादोराव रामटेके यांनी घराला बाहेरून कडी लावली, सायकल हाताने धरून गल्लीबाहेर नेली आणि कुणाला काही न सांगता भंडाऱ्याच्या रस्त्याला लागले.

न सांगण्याला कारण होतं. सायकलने नोकरीवर जायचं की नाही, हे त्यांचं अजून ठरलं नव्हतं.

सालईटोला ते भंडारा अकरा किलोमीटर. यादोराव तिथल्या एका सरकारी कचेरीत आलेल्या-गेलेल्या कागदांची नोंद ठेवत. ऑक्टोबरात पुण्याकडून खासनीस साहेब बदलून आले आणि कचेरीला घड्याळ आहे हे सगळ्यांच्या ध्यानात आलं. दहा चाळीसला साहेब मस्टरमधल्या शेवटच्या सहीखाली लाल पेनाने रेघ ओढत, मस्टर आपल्या कपाटात ठेवत आणि किल्ली खिशात टाकत. त्यानंतर येणाऱ्याच्या नावापुढे लाल खूण. तीन लाल खुणा झाल्या की एक किरकोळ रजा गेली.

यादोरावांच्या दोन झाल्या होत्या आणि वर्षाची एकच रजा उरली होती. ती गुरुवारी, पंधरा तारखेला लागणार होती. तुमसरला साळ्याचं लग्न होतं. पंचफुलाला तो एकच भाऊ.

"माह्या भावाच्या लग्नात जवाई नसन," ती म्हणाली होती, "तं मंग मले तुमसरातच ठेवून द्या. वापस आणाले येऊ बी नका."

ती हे रागाने म्हणाली असती तर यादोरावांना बरं वाटलं असतं. ती भाजी निवडत, अगदी शांतपणे म्हणाली होती.

दोन्ही लाल खुणांचा दोष यादोराव एसटीला देत. तसा लेखी खुलासाही त्यांनी दोन वेळा दिला होता. करडीहून येणारी गाडी साडेनऊला सालईटोल्यात पोचायची. तिथून ती कधी निघेल याचा मात्र भरवसा नसे. कधी पार्वताबाईंची भाजीची टोपली चढायची राहिलेली असे, कधी दुधाची कॅन. यादोराव खिडकीशी बसून घड्याळ पाहत आणि गावाच्या शिस्तीबद्दल शेजारच्याशी बोलत. स्वतः ते शिस्तीचे होते. गाडीच्या पहिल्या हॉर्नला ते ताटावरून उठत, दुसऱ्याला चष्मा शोधत आणि तिसऱ्याला घराबाहेर पडत. बारा वर्षांत गाडी त्यांना सोडून गेली नव्हती. याचं श्रेय ते आपल्या चपळाईला देत.

दुसरी लाल खूण झाली तेव्हा त्यांना गोठ्यातली सायकल आठवली.

"माह्या बापानं देल्ली सायकल चौदा वर्सं कोंबड्याईनं वापरली," पंचफुला म्हणाली. "आता तुमाले तिची याद आली?"

"जाऊ का नको, तेवढं सांग."

"जा."

"अन् हवा समोरून आली तं?"

"तं नका जाऊ."

"तुले कोनत्याच गोष्टीचं गांभीर्य नाई."

यादोरावांनी सायकल दुरुस्त करून आणली, परत गोठ्यात ठेवली, बाहेर काढली, पुन्हा ठेवली. सकाळी जायचं ठरे, जेवताना बदले. पंप आहे, पण पंक्चरचं काय? वेळेत पोचू, पण घामेजलेल्या सदऱ्याने साहेबांपुढे कसं उभं राहायचं? बसायला लागले की उभं राहावंसं वाटे आणि उभे राहिले की सायकलची घंटी वाजवून पाहावीशी वाटे. कोंबड्यांनी त्या आठवड्यात अंडी कमी दिली.

गावात मात्र त्यांनी अवाक्षर काढलं नाही. तीन वर्षांपूर्वी त्यांनी भर स्टँडवर तंबाखूचा खर्रा सोडल्याचं जाहीर केलं होतं आणि चौथ्या दिवशी त्यांच्या गालात खर्रा सापडला होता. कंडक्टर भय्याजी अजून तिकीट देताना विचारत, "का यादोरावजी, सुटला का?" आज सायकलने गेलो आणि उद्या एसटीत चढलो, तर या माणसाला पुढची तीन वर्षं पुरेल. त्यापेक्षा एक दिवस गुपचूप जाऊन पाहावं. जमलं तर मग सांगावं. पंचफुला सकाळीच धान कापायला बांधीत गेली होती. तिलाही कळलं नाही.

वाटेवरच्या कारध्यापर्यंत सगळं उत्तम चाललं होतं. धानाच्या भाऱ्यांनी भरलेल्या बैलगाड्यांना मागे टाकताना यादोरावांना आपण पंचविशीचे आहोत असं वाटलं. पुलाच्या अलीकडे चेन पडली, तेव्हा ते पुन्हा त्रेचाळीसचे झाले. चेन बसली, पण हात कोपरापर्यंत काळे झाले. गवताला पुसले, थोडं तेल गेलं, बाकीचं पसरलं. वैनगंगेच्या पुलावर हवा समोरूनच होती.

तरीही ते दहा वाजून बारा मिनिटांनी कचेरीत हजर होते.

चौकीदार दार उघडून चहाला गेला होता. आत कुणी नव्हतं. बारा वर्षांत पहिल्यांदाच मस्टरवरची पहिली सही यादोरावांची होणार होती. ते तडक साहेबांच्या खोलीत गेले आणि त्यांनी कपाटाचा दांडा ओढला. कपाट बंद होतं. त्यांनी दोन्ही हातांनी ओढलं. तरीही बंदच. मग ते बाहेर नळावर गेले आणि माती लावून हात स्वच्छ धुतले.

दहा वीसला शिपाई तेजराम आला. यादोरावांना खुर्चीत पाहून दारातच थांबला.

"यादोरावजी, तुमी रात्री घरी गेलतेच नाई का?"

"सायकलनं आलो. मस्टर काढ."

"किल्ली साहेबापाशी हाय. साहेब काल करडीले तपासणीले गेले, तं तिकडंच मुक्काम. जीप बंद पडली म्हणते."

दहा चाळीस झाले. एकेकजण येत गेला, मस्टर नाही म्हटल्यावर खूश होत गेला. आज कुणालाच लाल खूण नव्हती. एकट्या यादोरावांना चैन पडेना. वेळेवर यायचा दिवस निवडला आणि नेमका आज बघायला कुणी नाही! ते दारापर्यंत जात, घड्याळ पाहत, परत येत. अकरा वाजले. सव्वा अकरा वाजले.

अकरा पस्तीसला खासनीस साहेब आले. बुटांना चिखल होता, डोक्यावर धानाचा भुसा. त्यांच्या मागे तिकिटांची पेटी काखेत धरून भय्याजी. भय्याजींनी खोलीभर नजर फिरवली आणि आरोळी ठोकली.

"अरे बाप्पा! यादोरावजी! तुमी जित्ते हा ना!"

कचेरी थबकली.

"मले काय झालं?" यादोराव म्हणाले.

"तेच तं सारं गाव इचारून राहिलं! तिसरा हॉर्न देल्ला, तुमी नाई. चवथा देल्ला, पाचवा देल्ला. धनीराम डायवरचा हात दुखाले लागला. मंग मी घरी आलो, तं बाहेरून कडी! पार्वताबाई म्हणे, बाई बांधीत गेली, पण बाबूले जातानी कोनी पाह्यलं नाई. कडी लावून मानूस गेला कोटी? पुरी गाडी खाली उतरली. दोघं बोडीत उतरले, कमरीएवढ्या पान्यात. अन् साहेबानं सोता हिरीत पाह्यलं!"

सगळ्यांनी साहेबांकडे बघितलं.

"माझ्याच कचेरीतला माणूस म्हटल्यावर गाडीत बसून राहू का मी?" साहेब म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, हे वाईट लक्षण होतं. "विहिरीत वाकून पाहिलं. माझं लाल पेन तुमच्या विहिरीत आहे, रामटेके."

"सव्वा तास ढूंढलं," भय्याजी म्हणाले. "म्हटलं हाफिसात तरी सांगावं का तुमचा मानूस गायब झाला."

साहेबांनी खुर्ची ओढली. "कंडक्टर, एक सांगा. यांच्यासाठी गाडी रोज थांबते?"

"जास्त नाई, साहेब. दहा मिंटं. कवा पंधरा. यादोराव तिसऱ्या हॉर्नावरच निंगतेत ना."

"आणि बाकीचे प्रवासी?"

"ते बसून राहतेत. पार्वताबाईची टोपली कवाचीच चढून राहते, पण आमी म्हणतो, चढली नाई. यादोरावजीले वाईट नोको वाटाले."

बारा वर्षांची टोपली यादोरावांच्या डोळ्यांपुढून गेली.

साहेबांनी फाइल उघडली. "'गाडीस विलंब झाल्यामुळे.' हा तुमचा खुलासा आहे. दोन वेळा. अक्षर चांगलं आहे."

"साहेब, पण आज मी येळेवर आलो," यादोराव घाईने म्हणाले. "सायकलनं. दहा बाराले मी इथं होतो."

"कुणी पाहिलं?"

यादोरावांनी तेजरामकडे पाहिलं. तेजराम पुढे झाला. "हाव साहेब. मी आलो तवा हे बसूनच होते."

"तुम्ही दहाला यायचं असतं. कधी आलात?"

"म्हंजे... बसून असतीन, असं मले वाटते," तेजराम म्हणाला आणि मागे झाला.

साहेब मस्टर काढायला कपाटाकडे वळले आणि किल्ली हातात धरून तसेच उभे राहिले. हिरव्या कपाटावर, दांड्याच्या दोन्ही बाजूंना, दहा काळी बोटं उमटली होती. अंगठे तर कोरल्यासारखे स्पष्ट.

"हे कुणाचं?"

यादोरावांनी धुतलेले हात मागे घेतले. माझे म्हणावं, तर सगळ्यांच्या आधी आल्याचा याहून पक्का पुरावा जगात नव्हता. पण मग साहेबांच्या बंद कपाटाशी, कुणी नसताना, काय चाललं होतं? माझे नाहीत म्हणावं, तर आपण आलोच नव्हतो. ते एकदा "हाव" म्हणाले, एकदा "नाई", आणि शेवटी म्हणाले, "चेन पडली होती, साहेब."

दुपारी त्यांच्या हाती कागद पडला. प्रवासी वाहन रोज कोणत्या अधिकारात थांबवून ठेवलं आणि कार्यालयीन कपाट उघडण्याचा प्रयत्न का केला, याचा खुलासा बुधवार, चौदा तारखेपर्यंत करावा. रजेच्या अर्जाचा विचार त्यानंतर. मस्टरात त्यांच्या नावापुढची जागा कोरी होती. लाल पेन विहिरीत असल्यामुळे की साहेबांचंही ठरत नसल्यामुळे, हे तेजरामलाही सांगता आलं नाही.

कचेरी सुटली तेव्हा फाटकाशी भय्याजी थांबले होते.

"यादोरावजी, डेपोतून मले बी खुलासा मांगतला. एक लिहून द्या, का तुमी आज सख्त बिमार होते, गाव सोडून कोटी गेलतेच नाई, म्हणून गाडी थांबली."

"अन् मी साहेबाले लिहून देऊ का सायकलनं आलो?"

"ते वेगळं हाफिस हाय ना जी!"

संध्याकाळी गावात शिरताना बोडीत उतरलेले दोघे पारावर बसलेले दिसले. ते सायकलकडे बराच वेळ बघत राहिले.

"सायकलनं चाललो, येवढं सांगाले तुमाले का झालतं?" पंचफुलाने विचारलं.

"ठरलं नव्हतं माहं."

"अन् आता?"

"आता बी नाई."

तिने तुमसरला न्यायच्या साड्यांचं गाठोडं बांधलं. यादोरावांचा नवा सदरा त्यात ठेवला, बाहेर काढला, खाटेवर टाकला. "तुमाले का म्हणून बोलू," ती म्हणाली, "माहंच ठरून नाई राहिलं."

दुसरा शनिवार, मग रविवार. दोन दिवसांत यादोरावांनी साहेबांसाठी तीन खुलासे लिहिले आणि डेपोसाठी दोन. पाचांपैकी कोणतेही दोन एकमेकांशी जुळत नव्हते. रविवारी विहिरीवर पाणी काढताना पार्वताबाईंच्या बादलीत लाल पेन आलं. त्यांनी ते पदराला पुसून, कोरडं करून आणून दिलं. "साहेबाले देजा, बाबू. चालते अजून. मी भितीवर लिहून पाह्यलं."

सोमवार, १२ डिसेंबर. नऊ एकतीसला पहिला हॉर्न झाला, तेव्हा यादोराव जेवून, चष्मा लावून, खिशात लाल पेन घेऊन अंगणात सायकल धरून उभे होते. या वेळेला सायकलने निघालो, तर जेमतेम वेळेत पोचू. गाडीने निघालो, तर नक्कीच पोचू, गाडी आत्ता निघाली तर. दुसरा हॉर्न झाला. ते सायकलसकट रस्त्यावर आले. सगळ्या खिडक्यांमधून माणसं बघत होती. टोपली मांडीवर घेऊन पार्वताबाई पुढच्याच बाकावर बसल्या होत्या.

"या ना जी! दुसऱ्याच हॉर्नावर!" भय्याजी दारातून ओरडले. "का ठरलं मंग?"

"ठरून राहिलं," यादोराव म्हणाले.

"मंग कायले ठरवता? सायकल टपावर टाका! गाडीनं चाला, तिकडून सायकलनं या. ए, उतरा रे दोघं जन!"

यादोराव नको म्हणणार होते. तेवढ्यात बोडीत उतरलेले ते दोघेच खाली आले आणि त्यांनी सायकल हातातून काढून घेतली. धनीरामने गाडी बंद केली. एकजण टपावर चढला, एकाने खालून रेटा दिला. यादोराव एका हाताने खिसा दाबून, दुसऱ्या हाताने "हळू, चेन पडते तिची," म्हणत उभे राहिले.

नऊ बावन्नला सायकलचं मागचं चाक मागच्या शिडीत अडकलं होतं, चेन पडली होती आणि गाडी उभीच होती.