कोपरा फाटलेलं कार्ड

कृष्णात वारल्याचं गावाला कळलं शनिवारी. खुद्द कृष्णातला कळलं सोमवारी, तेही दुपारी.

शनिवारी टळटळीत उन्हात उंब्रजचा पोस्टमन सायकल ढकलत गावात आला. एरवी तो पाणी मागायचा, आलेलं कार्ड वाचून दाखवायचा आणि वाचताना आपल्या पदरचे दोन शब्द घालायचा. त्या दिवशी त्यानं गुंडाच्या दारातल्या दगडावर कार्ड ठेवलं, सांगलीचं आहे एवढं सांगितलं आणि मान खाली घालून तो चालता झाला. कार्डाचा एक कोपरा फाटलेला होता.

मयताची बातमी देणाऱ्या कार्डाचा कोपरा फाडतात, हे गावातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. असलं कार्ड घरात नेत नाहीत. उंबऱ्याबाहेर उभ्यानं वाचायचं, तिथंच फाडायचं आणि वाहत्या पाण्यात सोडायचं. आता वाचायला गावात कोणी नव्हतं. शाळेला सुट्टी लागली म्हणून मास्तर कोरेगावला गेले होते आणि दुसरे शिकलेले बाळासो पाटील कुठल्या तरी लग्नाच्या वऱ्हाडात होते. पण वाचायची गरज तरी काय होती? सांगलीत गावचं एकच माणूस होतं, ते म्हणजे गुंडाचा थोरला चुलतभाऊ कृष्णात. त्याला लिहिता येत नव्हतं. म्हणजे कार्ड दुसऱ्या कोणी तरी धाडलं. आणि दुसऱ्यावर कार्ड धाडायची वेळ कशानं येते?

गुंडाच्या बायकोनं, मनुबाईनं, एवढा विचार केलाच नाही. तिनं कोपरा बघितला आणि हंबरडा फोडला. तासाभरात सगळी आळी गोळा झाली. भावकीतले वडीलधारे तात्याबा काठी टेकत आले, त्यांनी कार्ड उलटसुलट करून बघितलं आणि दिवस मावळायच्या आत ते पाण्यात गेलं पाहिजे म्हणून सांगितलं. उन्हाळ्याची नदी. पाणी घोट्याएवढं. कार्डाचे तुकडे जागच्या जागी फिरायला लागले, तेव्हा गुंडा रडत रडत ते काठीनं पुढं ढकलत बऱ्याच लांबवर गेला.

सेहेचाळीस सालचा हा वैशाख. त्याच्या सहा महिने आधी कृष्णातची बायको अंजना गेली होती. सव्वीस वर्षांचा संसार, मूलबाळ नाही. ती गेली आणि गाव कृष्णातच्या घरात राहायलाच आलं. तसा गावाचा स्वभावच तो. तुमच्या घरी फोडणी पडली की चार घरं पलीकडं शिंक यायची आणि ती शिंकणारी बाई विचारायला यायची, आज काय विशेष? अंजना होती तेव्हा ती अशा बाईला वाटीभर कालवण देऊन बोळवायची आणि मागं हसायची. कृष्णातला हसणं जमत नव्हतं. तो अंगणात बसला की कोणी तरी शेजारी येऊन बसायचं. तो शेतात गेला की कोणाचा तरी बैल चुकून तिकडंच जायचा. एकट्यानं रडायला त्याला गावात जागा सापडेना. एकदा तो उसात शिरून रडत होता, तर बांधावरून कोणी तरी हाळी दिली, "कृष्णाता, रडून झालं की ये रं, च्या टाकलाय."

आणि चौदाव्या दिवशी गुंडा वडूजच्या एका माणसाला घेऊन आला. त्या माणसाची बहीण विधवा होती, स्वभावानं गरीब होती आणि भाकरी पातळ थापायची.

कृष्णातनं दोघांना घराबाहेर काढलं. मग पारावर जाऊन त्यानं सगळ्या गावाला ऐकवलं. पहिल्या लढाईत आपण दोन वर्षं बसऱ्याला काढली आहेत, सांगली तर हाकेच्या अंतरावर. तिथं कोणी कोणाच्या ताटात डोकावत नाही. आता या गावाला आपलं तोंड दिसणार नाही. दुसऱ्या दिवशी पलटणीतली ट्रंक डोक्यावर घेऊन तो निघाला. जाताना त्यानं घराची किल्ली गुंडाच्या दारात टाकली. हातात दिली नाही.

सांगलीत त्याला हळदीच्या वखारीवर राखणदाराचं काम लागलं. वखारीमागंच एक खोली मिळाली. मालकीण चंपाबाई, जैन, शिस्तीच्या. दिवस मावळायच्या आत त्यांच्या घरची जेवणं व्हायची. कृष्णात दिवे लागल्यावर बुक्कीनं कांदा फोडून जेवायला बसायचा, पण त्यांनी कधी नाक मुरडलं नाही. कोणी काही विचारत नव्हतं. पहिला महिना कृष्णात यावर इतका खूष होता की हे कोणाला तरी सांगावं असं त्याला वाटायला लागलं. सांगायला कोणी नव्हतं.

चैत्रात त्याला ताप भरला. तीन दिवस तो खोलीत पडून होता. चौथ्या दिवशी भिंतीला धरून बाहेर आला, तर वखारीचा कारकून मदन म्हणाला, "काय, गावाला जाऊन आलात वाटतं?"

मदन काही वाईट माणूस नव्हता. कळल्यावर त्यानं वैद्य आणला. चंपाबाईंनी दोन वेळा पेज पाठवली. पण त्यांना सांगावं लागलं होतं, एवढंच कृष्णातला लागलं. गावात नुसतं खोकला असता तरी मनुबाई काढा घेऊन आली असती, वर चार शिव्या देऊन तो पाजला असता. तो पडल्या पडल्या गावाच्या खोड्या मोजायला लागला. संपल्या की पहिल्यापासून मोजायचा. मोजता मोजता डोळे भरून यायचे.

परत जायचं तर होतं. पण पारावर एवढं बोलून गेलेला माणूस कोणत्या तोंडानं परत जाणार? शेवटी त्यानं मदनला कार्ड लिहायला बसवलं. 'माझं चुकलं' असं लिहायला सांगितलं. मग ते खोडायला सांगितलं. मग 'तुझं चुकलं, पण मीही' असं काही तरी. मदन वैतागला, म्हणाला, 'सोमवारी येतो, घर झाडून ठेव', एवढं पुरे आहे. तेवढंच लिहिलं.

पोस्टाच्या पेटीजवळ कृष्णात पाव तास उभा होता. टाकावं की नको? गुंडानं उत्तरच दिलं नाही तर? दारच उघडलं नाही तर? दाढेत सुपारीचं खांड अडकलं होतं, जीभ तिथंच जात होती. हात आपलं काम करत होता आणि डोकं आपलं. हातानं काय केलं ते डोक्याला कळलं नाही. कार्ड पेटीत पडलं.

सोमवारी सकाळी तो मसूर स्टेशनावर उतरला आणि ट्रंक डोक्यावर घेऊन नदीकाठानं चालत गावाकडं निघाला. गावाच्या अलीकडं, जिथं दहावं घालतात, तिथं माणसं जमलेली दिसली. कोण गेलं?

आता अशा वेळी कोण गेलं म्हणून विचारायचं नसतं. मुकाट्यानं मागं बसायचं, मान खाली घालायची. कृष्णातनं ट्रंक उतरवली, पायताण काढलं, पटका काढून मांडीवर घेतला आणि तो सगळ्यांच्या मागं जाऊन बसला. सगळ्यांची तोंडं नदीकडं. पुढं वाळूत पिंड ठेवलेले. बाजूला गुंडा खाली बसलेला आणि अर्जुना न्हावी त्याचं डोकं करत होता. म्हणजे गुंडाच्याच घरातलं कोणी तरी. मनुबाई? नाही, ती वर बायकांत रडत होती. कृष्णातलाही रडू आलं. कोण का असेना, घरचंच होतं.

त्याचं असं झालं होतं, की कार्डाला किती दिवस लागले कोणास ठाऊक, लांबची बातमी आहे, तीन दिवसांतच उरका, असा तात्याबांनी निवाडा दिला होता. म्हणून सोमवार. पण कावळा शिवेना. करंजावर आठ-दहा कावळे बसलेले, एकही खाली उतरेना. कावळा शिवत नाही म्हणजे मेलेल्याचा जीव कशात तरी अडकलेला. तो ओळखायचा आणि मोठ्यानं कबूल करायचं, तेव्हा सुटका. माणसं तासभर ओळखत होती. घराची देखभाल करू म्हणून झालं. त्याची म्हैस विकणार नाही म्हणून झालं. कावळे ढिम्म. उंब्रजच्या भटजींना दुसऱ्या गावी जायचं होतं, ते सारखे उन्हाकडं बघत होते.

गुंडाची झुपकेदार मिशी तालुक्यात नावाजलेली. डोकं झालं, अर्जुनानं मिशीला हात घातला. डावी बाजू उतरली आणि गुंडाच्या तोंडून एकदम हुंदका फुटला. त्यानं अर्जुनाचा हात बाजूला सारला, उठून पिंडापुढं गेला आणि हात जोडले.

"कृष्णातदादा," तो म्हणाला, "तुज्या लग्नाचं नाव पुन्यांदा काडणार न्हाई. वैनी गेली आन् घर खायला उठलं, म्हनून मी त्या मानसाला आणलं हुतं. तुला हाकलायला न्हवं. आता शिव गड्या."

मागं बसलेल्या कृष्णातला आपण मेलो आहोत हे कळलं ते असं.

त्याच वेळी उठून सांगायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर आणखी कोण काय म्हणतंय ते ऐकायचं होतं. आयुष्यात ही संधी किती जणांना मिळते?

कावळा काही हलला नाही. मग मनुबाई पदर सावरत खाली आली. अंजनाची दुधाची पितळी कासांडी आपण मागून नेली होती, ती परत देते म्हणाली. कावळा हलला नाही. शेवटी तात्याबांनी काठी वाळूत रोवली, इकडंतिकडं बघितलं आणि आवाज बारीक करून कबूल केलं की कृष्णातच्या रानाकडचा बांध आपण हातभर सरकवला आहे, तो मागं घेऊ.

"दीड हात हाय, तात्याबा," मागून आवाज आला.

"व्हय, दीड," तात्याबा म्हणाले, आणि मग सगळी माणसं मागं वळली.

पुढं काय झालं ते ज्यानं त्यानं आपापल्या परीनं सांगितलं. भूत म्हणून कोणी पळालं नाही, एवढं खरं. उन्हात घामाघूम झालेलं, मांडीवर पटका घेऊन रडणारं भूत कोणी बघितलेलं नव्हतं. गुंडा तेवढा चालत आला. डोकं गुळगुळीत, मिशी एकाच बाजूला. त्यानं कृष्णातच्या खांद्याला हात लावून बघितला, मग दंडाला.

"कार्डाचा कोपरा कुनी फाडला?"

कृष्णात आठवायला लागला. आठवता आठवता त्याची जीभ आपोआप दाढेकडं गेली आणि त्याला सगळं आठवलं. पेटीपाशी उभ्या उभ्या त्यानं कार्डाचाच कोपरा फाडून दाढ कोरली होती. त्यानं ते सांगितलं.

"सांगलीत बाभळीचा काटा गावत न्हाई व्हय रं?" तात्याबांनी विचारलं.

कृष्णातनं मान खाली घातली. मग तो गुंडाला म्हणाला, "मी ऱ्हायला आलोय. ऱ्हाऊ देशील न्हवं?"

"तुजं घर, मला काय इचारतोस?" गुंडा म्हणाला आणि कमरेची किल्ली काढून त्यानं कृष्णातच्या हातात ठेवली. अर्जुना वस्तरा धरून तसाच उभा होता. अर्धी ठेवू की काढू, असं त्यानं हळूच विचारलं. अर्धी ठेवून करणार काय? काढली. पुढं तीन महिने गुंडा तोंडावर टॉवेल धरून हिंडत होता आणि त्याचं कारण विचारणाऱ्या प्रत्येकाला कृष्णातकडं पाठवत होता.

शिजवलेलं अन्न टाकून देता येत नव्हतं. पहिली पंगत बसली तिच्यात कृष्णात होता. आपल्या दहाव्याचं जेवण तो पोटभर जेवला. संध्याकाळपर्यंत सांगलीत तो काय खात होता, चंपाबाई कोण, ताप कसला होता, हे सगळं गावानं त्याच्याकडून काढून घेतलं. मनुबाईनं महिनाभर उशिरानं काढा पाजला. कासांडी तिनं परत दिली. बांध मात्र तात्याबांनी मागं घेतला नाही. ते म्हणाले, तो शब्द मेलेल्या कृष्णातला दिला होता, जित्याला नाही. गुंडानं आपला शब्द पाळला, लग्नाचं नाव काढलं नाही. पंधरा दिवसांनी वडूजचा तो माणूस पुन्हा अंगणात येऊन बसला, त्याला मनुबाईनं बोलावलं होतं. लग्नाबद्दल तिनं काही कबूल केलं नव्हतं.

कृष्णातनं त्याला चहा पाजला आणि परत पाठवला. या खेपेला तो हसला, अंजना हसायची तसं, माणूस वळणाआड गेल्यावर.

मग तो तसाच अंगणात बसून राहिला. आपला जीव कशात अडकला असेल ते ओळखायला गाव तासभर उन्हात बसलं होतं. चुकीचं का होईना, ओळखत होतं. अंजनाच्या दहाव्याला कावळा लगेच शिवला होता, पिंड ठेवायचा अवकाश. तिचं काही मागणंच नव्हतं, सुखानं गेली, असं सगळे म्हणाले होते आणि त्यानंही ते मानलं होतं. सव्वीस वर्षांत तिला काय पाहिजे हे त्यानं एकदाही विचारलं नव्हतं. ते विचारायचं राहिलं.