झेंडूच्या सरीतला रॅम्पवॉक

जन्माला आलेल्या प्रत्येक माणसाला चेहरा असतो. परंतु त्याचा रीतसर उपयोग करणारे फार थोडे. बाकीचे तो नुसता धुतात आणि सोबत घेऊन हिंडतात.

हा अपव्यय आपल्या घरात होऊ नये म्हणून मी माझ्या मुलीला, खुशीला, मॉडेलिंगमध्ये घालायचं ठरवलं. तिचं वय साडेचार, म्हणजे उशीर झालेलाच होता. आमच्या गावात, भातकुलीत, शेजारची मुलगी तिच्याहून लहान असून साबणाच्या फलकावर झळकली होती. (साबण अजून बाजारात यायचाय. फलक आला.) मला रात्र रात्र झोप येईना.

अमरावतीच्या मॉडेलिंग अकादमीत तिथल्या करिश्मा मॅडमनी पात्रता सांगितली: त्वचा, दात, उंची आणि आई. यात आई सर्वांत महत्त्वाची. तिने नोकरी करू नये, निर्धास्त राहू नये आणि मुलीच्या तोंडावरची नजर हटवू नये. मी एम.एस्सी. झालेली असल्यामुळे हे सगळं मला आधीपासूनच येत होतं.

मॉडेलचं हसू नैसर्गिक लागतं, म्हणून ते शिकवावं लागतं. खुशीचं मूळ हसू वापरण्याजोगं नव्हतं. त्यात डोळे मिटायचे, पोट हलायचं आणि मुख्य म्हणजे त्याला काहीतरी कारण लागायचं. नव्या हसण्याला कारण लागत नाही. वरचे दात तेवढे दिसतात आणि कोणी ‘कट’ म्हणेपर्यंत ते जागचं हलत नाही. ‘कट’च्या आधी रडणं, शिंकणं आणि आजीला हाक मारणं नियमबाह्य आहे.

ऊनही वर्ज्य. आमच्या भागात ही अडचण फक्त उन्हाळ्यात, ऑक्टोबरात आणि अधूनमधून हिवाळ्यात येते. एरवी मूल मोकळं असतं.

“काहून वं रागिणी,” माझ्या सासूबाई, दुर्गाबाई, म्हणाल्या, “पोरीले उन्हात नाही, मातीत नाही, मंग ठेवतं कुठं तिले? फ्रीजमंदी?”

मी खुशीच्या वडिलांकडे, नितेशकडे, पाहिलं.

“मले काहून पाह्यतं?” ते म्हणाले. “मले फुलं घेऊन मार्केटले जायचं हाये.” (मॉडेलच्या जडणघडणीत वडिलांचा वाटा साधारण एवढाच असतो.)

अडचण आली ती चालण्याची. रॅम्पइतकी सरळ लांब जागा आमच्या घरात नाही. शेतात मात्र आहे. झेंडूच्या दोन ओळींमधली सरी म्हणजे निसर्गाने घडवलेला रॅम्पच. सूर्य कलला की मी खुशीला सरीत चालवू लागले. पण शेतकऱ्याच्या घरातलं मूल खाली पाहून चालतं. रोप तुडवू नये, विंचवावर पाय पडू नये, असलं काहीबाही त्याच्या डोक्यात असतं.

“मम्मी, नजर समोर,” मॅडमनी मला बजावलं होतं. “खाली कोण बघतं? ज्याचं काही पडलंय तो.”

मी खुशीची ही सवय मोडली. आजीने मात्र तिला एक गोष्ट शिकवली होती, ती माझ्या ध्यानात आली नाही: सरी संपली की पाण्याच्या दांडावरून, म्हणजे छोट्या पाटावरून, उडी मारायची आणि पुढच्या सरीत शिरायचं. सरीत कोणी रॅम्पवरच्यासारखी गिरकी घेऊन परत फिरत नाही.

निवडफेरी अकोल्याच्या एका मंगल कार्यालयात होती. तिथे निवड झाली नसती, तर मी गल्लीत तोंड कसं दाखवणार होते, हा खरा प्रश्न होता. खुशीचं नाव पुकारलं. ती आली. मान ताठ, नजर समोर, दात बाहेर. मी फोन धरला. रॅम्प संपला. खुशीने उडी मारली.

खाली दांड नव्हता, फरशी होती. ती गुडघ्यावर पडली, उठली आणि खुर्च्यांच्या दोन रांगांमधल्या सरीत शिरली. गुडघ्यातून रक्त, डोळ्यांतून पाणी, आणि हसू जागच्या जागी. ती रांग संपल्यावर दुसरीत. कोणाचीही खुर्ची तिने तुडवली नाही.

“काय कॉन्सेप्ट आहे!” एक परीक्षक उभे राहून म्हणाले. टाळ्या थांबेनात. मॅडमनी मला मिठी मारली. “बघितलं? एक्सप्रेशन तुटलं नाही!”

निवड झाली.

परतीच्या गाडीत खुशी सोबत आलेल्या आजीच्या मांडीवर बसली होती. भातकुली जवळ आली तरी दात दिसतच होते.

“आई,” त्या दातांतूनच ती म्हणाली, “कट झालं काय? आता रडू?”

मी बोलण्याआधी सासूबाईंनी पोरीचं तोंड पदराखाली घेतलं. “रड माय, रड. तुह्या मायले फोनमंदी पाहू दे.”

मी खरोखरच फोनमध्ये पाहत होते. उडी नीट आली होती.

आतापर्यंत हा प्रसंग मी ज्यांना सांगितला, त्यांपैकी शंभर टक्के लोकांनी एकच प्रश्न विचारला. गुडघा कसा आहे, हा तो प्रश्न नव्हे. व्हिडिओ आहे का?

आहे. तुम्ही इथवर वाचलंत, म्हणजे तुम्हालाही हवाच असणार. पाठवते. शेवटपर्यंत पाहा, कट कोणीच म्हणत नाही.