सात पाट्यांची कमान

मी रागीट नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण सासरवाडीत सध्या माझ्याविरुद्ध उलटा प्रचार चालू आहे. माणसं मूर्खासारखी वागली की मी फक्त मोठ्यानं बोलतो. आता माझ्या आसपासची माणसं सदैव तशीच वागतात, त्याला मी काय करू?

आमचे सासरे बापूसाहेब केम गावाला असतात. त्यांची शेती आहे आणि एक ट्रक आहे. शेती केमलाच असते, पण ट्रक सोलापुरात आमच्या दारापुढे उभा असतो, कारण भाडी इथं मिळतात आणि देखरेखीला जावई फुकट मिळतो. ('फुकट' हा शब्द बायकोचा.) चालवायला येडू नावाचा ड्रायव्हर आहे. तो ट्रकशी जितकं बोलतो त्याच्या निम्मंसुद्धा माणसांशी बोलत नाही, आणि या स्वभावानंच पुढं माझा घात केला.

धाकट्या मेहुणीचं, सोनमचं लग्न केमला ठरलं. मांडव, कनाती, भांडी असं सगळं सोलापुरातून आपल्याच ट्रकनं न्यायचं. आदल्या दिवशी हळद, आणि हळदीलाच नवऱ्याकडची वडीलधारी मंडळी येणार होती. सोनमनं सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, "मांडव उभा न्हाय दिसला तर मी पाटावर बसणार न्हाय. भर उन्हात उघड्यावर हळद लावून घ्यायला मी काय वाळवण हाय व्हय?"

रुपाली, म्हणजे माझी बायको, आधीच माहेरी निघाली. जाताना म्हणाली, "अहो, ट्रक मागच्या बाजूनं लई कुरकुरतोय. येडू गावाला गेलाय, तो यायच्या आत गॅरेजात दाखवून आणा. बुडाखालचं तपासा, ग्रीसिंग करून घ्या. मांडव जायचाय त्यात."

इथं मी एक लहानसा निर्णय घेतला. गॅरेजात जायचं नाही, बुडाखालचं आपणच बघायचं. का? तर मागच्या खेपेला गॅरेजवाला मला म्हणाला होता, "काका, तुम्ही जरा बाजूला सावलीत बसा." काका! मी! सरकारी नोकरीतला माणूस, केस अजून (पुढून सोडले तर) शाबूत, आणि काका? मी मोबाइलवर एक व्हिडिओ बघितला, ग्रीसगन आणली आणि रविवारी ट्रकखाली शिरलो.

ट्रकच्या बुडाखाली किती गोष्टी असतात याची देवालासुद्धा कल्पना नसेल. बुश काय, शॉकअप काय, यू बोल्ट काय. व्हिडिओतल्या माणसाच्या ग्रीसगनमधून ग्रीस निपलात जात होतं, माझ्या ग्रीसगनमधून ते माझ्या मिशीत येत होतं. त्यात शेजारच्या रत्नम्मानं ट्रकखालून बाहेर आलेले दोन पाय बघितले आणि "अय्यो, रुपालीचा नवरा गाडीखाली गेला!" म्हणून गल्ली गोळा केली. मी आतून ओरडलो, "मी जिवंत आहे!" तर ती म्हणाली, "मग ओरडतोस कशाला?"

तर मागच्या डाव्या चाकावर लोखंडी पट्ट्यांची एक चळत होती, एकावर एक रचलेली. तिच्यातल्या सगळ्यात वरच्या पट्टीला बारीक भेग दिसली. टाचेला भेग पडली की आपण मलम भरतो. मी ग्रीस भरलं, अगदी बोटानं, दाबून. काय आश्चर्य, कुरकुर बंद! माझ्या शब्दाखातर आमच्या घरात गप्प बसलेली ती पहिली वस्तू.

हळदीच्या दिवशी सकाळी प्रभुलिंग डेकोरेटरनं मांडव भरून दिला. पाइप, पडदे, पातेली आणि प्रवेशद्वाराची लोखंडी कमान. येडू ट्रक घेऊन निघाला. मी सही मारून दुपारी निघावं म्हणून सात रस्ता चौकाजवळच्या आमच्या कचेरीत जाऊन बसलो. जेवणाचा डबा उघडतोय तोच फोन.

"दाजी, कमान तुटली."

"तुटली? अरे, कशी तुटली?"

"खड्ड्यात आदळली की. टेंभुर्णीच्या अलीकडं. लई मोठा आवाज झाला."

"नीट बांधली नव्हतीस का?"

"बांदलीवती की. पर आतनंच कच्ची हुती."

"मग तसाच जा की पुढं! कमानीवाचून काय अडलंय?"

"काय बोलताय दाजी? कमानीबगर म्होरं कसं जायाचं? समदा भार तिच्यावरच असतो. लोकं हसत्याल."

हे मला पटलं. व्याही मंडळींपुढे शोभा ती कमानीचीच. कमानीवाचून मांडव म्हणजे कपाळावाचून माणूस. येडूला एवढी जाण आहे हे बघून मला जरा बरंसुद्धा वाटलं.

"टेंभुर्णीत नाही का मिळणार?"

"हितला कमानवाला लग्नाला गेलाय."

"साहजिक आहे. कमानवाला लग्नाला जाणार नाही तर कुठे जाणार? मी इथूनच आणतो. कशी आणू?"

"सात पाट्यांची आणा. अन् दाजी, मजबूत आणा. हाताला लागंल ती उचलू नगासा."

सात पाट्यांची! मी तडक प्रभुलिंगच्या दुकानात.

"तुमची कमान तुटली," मी म्हणालो.

"माजी कमान?" तो खुर्चीतून उठलाच. "लोखंडी हाय ती! तुटतच नाही!"

"तुटली म्हणून सांगतोय ना! कच्ची होती म्हणे आतून."

"कोन म्हनतंय कच्ची? बोलवा त्याला!"

आम्ही दोघं इतके ओरडलो की समोरचा रसवंतीवाला घुंगरू लावलेला चरक थांबवून बघायला आला. शेवटी मी म्हणालो, "भांडायला वेळ नाही. लाकडी द्या, पण जाड द्या. सगळा भार तिच्यावर आहे. आणि सात पाट्या लावा."

"सात पाट्या?" प्रभुलिंग म्हणाला. "लगीन हाय का इलेक्शन?"

आता सात पाट्यांवर लिहायचं काय? 'शुभविवाह' झालं, 'सुस्वागतम्' झालं. 'सोनम' आणि नवरदेव 'ऋतुराज' झाले. पाचवी बापूसाहेबांची. मी रुपालीला फोन लावला. ती म्हणाली, "माझ्या बिरदेव मामाचं टाका, न्हाय तर मामा जेवणार न्हाय. पण सात पाट्या कशाला?" मी म्हणालो, "कशाला म्हणजे? येडूला विचार! तुमच्याच माणसानं मागितल्यात!" आणि फोन ठेवला. सातवी उरली. एवढी उन्हातान्हात धावपळ करणाऱ्या माणसाचं नाव कुठेच नको? मी ठणकावून सांगितलं, "लिहा, स्वागतोत्सुक अजिनाथ." फ्लेक्स छापून जाड प्लायवर चिकटवले, कमान उभी राहिली, आणि ती एका छोट्या हत्ती टेम्पोत आडवी घालून मी निघालो. वाटेत मोहोळला लोकांनी आम्हाला वरात समजून रस्ता दिला.

टेंभुर्णीच्या अलीकडे आमचा ट्रक रस्त्याच्या कडेला डावीकडे कलून उभा होता. येडू खाली उताणा पडला होता.

"दाजी, आनली कमान?"

"आणली की! अशी आणलीय की बघत राहशील!"

येडू बाहेर आला आणि खरोखरच बघत राहिला. बराच वेळ. मग त्यानं हळूहळू वाचलं, "सु... स्वा... ग... तम्." मग ट्रकच्या चाकाकडं बघितलं. मग माझ्याकडं.

"दाजी, ही चाकावर कशी बसवू?"

"चाकावर कशाला? मांडवापुढे लाव!"

"मांडवाची कमान हाय की आत, ठणठणीत! ट्रकची कमान तुटलीया, ट्रकची! ह्यो बगा मेन पाटा!" आणि त्यानं चाकावरची ती लोखंडी पट्ट्यांची चळत, म्हणजे ट्रकची स्प्रिंग, दाखवली. "सात पाटं असत्यात हिला!"

म्हणजे पाटी नाही, पाटा! मराठी भाषेत पाट्याचंही 'पाट्यांची' आणि पाटीचंही 'पाट्यांची' होतं, हा काय माझा गुन्हा आहे? माझं डोकं असं फिरलं की मी येडूला बोललो, प्रभुलिंगला बोललो, खड्ड्याला बोललो. "ट्रकला चाकं असतात, इंजिन असतं! कमान कशाला असते? ट्रक काय देऊळ आहे?"

"पर दाजी," येडूही तापला होता, "हितं भेगंत ग्रीस कुनी कोंबलंया? भेग दिसू नये म्हणून कुनीतरी मुद्दाम भरलंय बगा. गावला तर कानाखाली जाळ काढतो त्याच्या."

इथं मी विषय बदलला.

ऊन कलत होतं. छोटा हत्तीवाला कमान उतरवून दुसऱ्या भाड्याला कधीच निघून गेला होता. टेंभुर्णीचा कमानवाला शरणप्पा लग्नाला गेला होता तो आमच्याच, केमला, आणि त्याचा फोन लागत नव्हता. ट्रकमधला मांडव हळदीला पोचेना, आणि मेहुणी पाटावर बसेना. येडू डोकं खाजवत माझ्या कमानीभोवती फिरला. तिच्या खांबांवर टिचकी मारली. पाट्या वाकवून बघितल्या.

"जाड हायत," तो म्हणाला. "खांब कापून चेसीच्या अन् ॲक्सलच्या मदी ठोकळं घालू. वर पाट्या थरानं दाबून साकळीनं आवळू. हळूहळू केमपतोर जाईल."

"छे छे! 'शुभविवाह' चाकावर? अपशकुन! सासऱ्यांचं नाव ॲक्सलखाली? मला घरात घेतील का?"

"मग 'स्वागतोत्सुक' घालू नुसतं."

"मुळीच नाही!"

तेवढ्यात फोन आला. खुद्द नवरी. मी सगळं सांगितलं. पलीकडून जो आवाज आला तो येडूलाही फोन कानाला न लावता ऐकू गेला.

"दाजी, समद्या पाट्या घाला! माझंबी नाव घाला, त्यांचंबी घाला, बापूंचं घाला! दबली नावं तर दबू द्या! सासू-सासरे दारात उभं हायत, उन्हात! मांडव आला पायजे!" मग आवाज एकदम खाली आला. "दाजी, या की हो लवकर."

तिच्या त्या शेवटच्या वाक्यानं माझा राग पार उतरला. मी स्वतः करवत हातात घेतली. (येडूनं ती लगेच काढून घेतली.) ट्रक जॅकवर उचलला, खांबांचे ठोकळे ठोकले, वर सातही पाट्या एकावर एक रचल्या, साखळी आवळली. आणि मी आणलेली कमान, सात पाट्यांची, मजबूत, खरोखर ट्रकच्या चाकावर बसली! मी येडूकडे अशा नजरेनं बघितलं, जणू पहिल्यापासून माझ्या मनात हेच होतं.

ट्रक बैलगाडीच्या चालीनं केमला पोचला. उतरवायला सगळं वऱ्हाड धावलं. नवरदेव ऋतुराज स्वतः पाइप धरून उभा राहिला. दिवे लागायच्या आत मांडव झाला, आणि सोनम हसत पाटावर बसली. बापूसाहेबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "जावईबापू, टायमाला डोकं चालवलंत हो." माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे पहिल्यांदाच. मला भरून आलं. मी कुणावर रागावलेलोही नव्हतो.

दुसऱ्या दिवशी अक्षता पडल्या, पंगती उठल्या, आणि तो शरणप्पा कमानवाला, पोट भरून, ट्रकखाली शिरला. सासरे, मामा, रुपाली, येडू सगळे भोवती उभे. एकेक पाटी तो बाहेर काढून ठेवू लागला. 'शुभविवाह' सरळ. 'सुस्वागतम्' सरळ. नवरा-नवरी सरळ. बापूसाहेब, बिरदेव मामा, दोघंही ताठ. शेवटी त्यानं दोन तुकडे बाहेर टाकले आणि मान बाहेर काढून ते जुळवून वाचले.

"ह्यो अजिनाथ कोन म्हनायचा?" शरणप्पा ट्रकखालूनच म्हणाला. "समद्यांनी भार घेतला, ह्यो एकटाच मोडला बगा."

सगळं वऱ्हाड माझ्याकडे वळलं. मी तोंड उघडणार, इतक्यात रुपालीनं खाली वाकून त्याला उत्तर दिलं.

"त्यो आमच्यातलाच हाय. त्याला फकस्त ग्रीस लावून ठिवायचं असतं, म्हंजे कुरकुर करत न्हाय."