चाक निवडीची फाइल

बिरसीच्या प्रफुल बोपचेने लडाखला जायचं म्हणून लांब पल्ल्याची मोटारसायकल घेतली आणि पहिला प्रवास म्हणून भाऊबीजेला वडिलांना, दुधरामजींना, देवरीला आत्याकडे न्यायचं जाहीर केलं. दुधरामजींनी ही बातमी अर्ध्या गावाला सांगितली. गुडघ्यामुळे बसची पायरी चढवत नव्हती, म्हणून मागच्या दिवाळीत त्यांचं जाणं राहिलं होतं. त्यांची बहीण शामकला दुपारपर्यंत ओवाळणीचं ताट घेऊन दारात बसली होती. यंदा जायचंच होतं.

प्रफुल गोंदियाच्या एका कचेरीत कारकून होता. एका व्हिडिओत त्याने ऐकलं की कंपनीची अलॉय चाकं खड्ड्यात तडकतात. त्याने तात्काळ 'चाक निवड' नावाची फाइल उघडली, तीन दुकानांची दरपत्रकं मागवली, तुलनात्मक तक्ता केला. स्पोकची चाकं खड्डा सोसतात, पण त्यांना ट्यूब लागते. ट्यूबलेस स्पोकचीही मिळतात, पण सोनेरी की काळी? पुढचं चाक एकोणीस इंची की एकवीस? टिपणी तोच लिहायचा, तिच्यात त्रुटीही तोच काढायचा आणि फाइल पुनर्विचारार्थ स्वतःकडेच परत पाठवायचा. असे पाच महिने गेले.

इथवरही ठीक होतं. पण जुनी वस्तू निर्लेखित करून मोडीत काढल्याशिवाय नवी खरेदी मंजूर करायची नाही, हा कचेरीचा नियम त्याने घरीही पाळला. ऑगस्टमध्येच त्याने गाडीची दोन्ही चाकं काढून एका मेकॅनिकला देऊन टाकली. तेव्हापासून लडाखची गाडी पडवीत विटांवर उभी होती. प्रफुल रोज सकाळी तिला पुसायचा, विटांसकट.

भाऊबीजेला दुधरामजी सातलाच पांढरं धोतर नेसून पडवीत येऊन बसले. मांडीवर बहिणीच्या लुगड्याची पिशवी होती.

"बाबू, निंगाचं का?"

"बाबा, प्रकरण अंतिम टप्प्यात हाय. फक्त इंचाचा अन् रंगाचा निर्णय बाकी हाय."

"मंग मी रंगावर बसून जाऊ का?"

प्रफुलने हे म्हणणं नोंदवून घेतलं. तेवढ्यात त्याची बायको रेणू आपली जुनी स्कूटी घेऊन दारात आली आणि सासऱ्यांना म्हणाली, "चला मामाजी, बसा माझ्या मागं."

प्रफुल धावत आला. "अवं, देवरीचा रस्ता हाय तो! तुह्या गाडीचे चाक कोणते हायेत, पाहिलं का कधी?"

"गोल हायेत," रेणू म्हणाली आणि तिने किक मारली.

प्रफुलला मनापासून लाज वाटली. ती त्याने जेवणापर्यंत टिकवली.

दुपारी देवरीहून व्हिडिओ कॉल आला. दुधरामजींच्या कपाळावर टिळा होता, तोंडात करंजी होती आणि डोळे ओले होते. आत्या मोबाईलजवळ आली. "काऊन नाही आला रे बाबू? तुह्या वाट्याच्या करंज्या ठेवल्या ना मी."

सगळं टाकून आत्ताच्या आत्ता निघावं, मिळेल त्या गाडीने जावं, असं प्रफुलला खरोखर वाटलं. तोच आत्याच्या खांद्यामागे, अंगणात, कुणाची तरी मोटारसायकल दिसली. स्पोकची. सोनेरी.

"आत्या," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "जरा बाजूले सरक ना."

आत्या सरकली. ते चाक एकोणीस इंची होतं की एकवीस, हे प्रफुलला स्पष्ट दिसलं. इथे ते लिहिलेलं नाही. ज्या वाचकाला ते कळल्याशिवाय चैन पडणार नाही, त्याने आधी आपल्या पडवीत कोण तयार होऊन बसलं आहे, ते बघून यावं.