अस्सलबरहुकूम

"बाबा, एक कॉपीच तर काढायची आहे," असे लेकीने सहज म्हटले, आणि समोर वर्तमानपत्राची घडी घालीत बसलेल्या वडिलांचे हात जागच्या जागी थबकले. 'कॉपी' हा शब्द त्या गृहस्थांपुढे सहजगत्या उच्चारण्याजोगा नव्हता. न्यायालयाच्या नक्कल विभागात त्यांची सारी हयात गेली होती. मूळ कागद डावीकडे, नक्कल उजवीकडे आणि दोहोंच्या मध्ये ते स्वतः, अशा स्थितीत त्यांचे केस पांढरे झाले होते. मुकाबला केल्यावाचून, म्हणजे ओळ न् ओळ पडताळल्यावाचून, 'अस्सलबरहुकूम नक्कल' या शिक्क्याखाली त्यांनी कधीही सही केली नाही. आणि म्हणूनच निवृत्तीनंतरही सारे परिचित त्यांना नक्कलनवीस याच नावाने ओळखीत.

कॉपी हवी होती ती एका गेमच्या तबकडीची. लेक रुग्णालयात परिचारिका होती. दिवसभर कोणत्या ना कोणत्या खाटेवरून तिच्यासाठी घंटा वाजे. घरी आल्यावर चहाचा कप घेऊन ती संगणकापुढे बसे, तबकडी आत सरकवी आणि त्या गेममधल्या अथांग समुद्रात एक लहानशी होडी वल्हवू लागे. या बेटावरचा माणूस त्या बेटावर पोहोचवायचा, एवढाच तो खेळ; परंतु त्या समुद्रावर तिला घंटा वाजवून कोणी बोलावीत नसे. आता तबकडीवर चरे पडले होते, होडी मधूनच हवेत लटके, आणि गेम काढणारी कंपनी केव्हाच बंद पडल्यामुळे दुसरी तबकडी मिळण्याची सुतराम शक्यता नव्हती. तबकडी गेली की समुद्र गेला, अशी ती परिस्थिती होती.

जावई फ्रिज दुरुस्त करणारे होते आणि स्वभावाने मोकळे होते. एवढा खल कशाला, हा गेम नेटवर फुकट पडला आहे, चहा निवायच्या आत उतरवून देतो, असे त्यांनी सुचविले.

"कोणाचा आहे तो?" नक्कलनवीसांनी विचारले.

"कोणाचा म्हणजे? टाकलाय कोणीतरी."

"मग तो त्या कोणाचा तरी. कागद तोच असला, तरी कपाट दुसऱ्याचं आहे, जावईबापू."

"बरं, मग एक सांगा बाबा. पैसे मोजले तेव्हा आपण घेतलं काय? प्लास्टिक की गेम? प्लास्टिक घेतलं असेल तर मोडलं, संपलं. पण गेम घेतला असेल, तर प्लास्टिक मोडल्यावर आपला गेम जातो कुठं?"

इतका सूक्ष्म प्रश्न नक्कलनवीसांनी न्यायालयाच्या व्हरांड्यातही ऐकला नव्हता, आणि तो विचारणाऱ्याच्या हातात पाना होता, याचे त्यांना मनस्वी आश्चर्य वाटले. त्यांनी तबकडीचे खोके मागवून घेतले आणि भिंग लावून त्यावरील मुंगीएवढ्या अक्षरांचा मजकूर आद्यंत वाचला. मानवजातीत असे करणारे बहुधा ते पहिलेच असावेत. अनधिकृत प्रती काढण्यास मनाई आहे, असे तेथे छापले होते. त्यावरून त्यांनी असा निष्कर्ष काढला की, ज्याअर्थी अनधिकृत प्रतीला मनाई आहे, त्याअर्थी अधिकृत प्रत म्हणूनही काही वस्तू असलीच पाहिजे. आणि ती अधिकृत करण्यास या घरात त्यांच्याइतका लायक दुसरा कोण होता? त्यांनी अटी घातल्या. कॉपी आपल्याच तबकडीवरून काढावी. दोन्ही एकाच कपाटात राहाव्यात. शेजारीपाजारी कोणी मागितली तरी देऊ नये. आणि उद्या मूळ तबकडी कोणाला दिलीच, तर कॉपीही तिच्यामागून त्याच्या घरी जावी. शिवाय मुकाबला झाल्याखेरीज आपली सही होणार नाही. लेकीने आनंदाने मान डोलावली. शेवटच्या अटीचा अर्थ तिच्या ध्यानात आला नव्हता.

जावयांनी कॉपी काढून दिली, तेव्हा किती ठिकाणी चुकले, असे नक्कलनवीसांनी सवयीने विचारले. एकाही ठिकाणी नाही, असे उत्तर आले.

"एक काना नाही? एक मात्रा नाही?"

"होतच नाही बाबा. जसंच्या तसं उतरतं."

नक्कलनवीसांनी दोन्ही तबकड्या उजेडात धरल्या. दोहोंवर इंद्रधनुष्य पसरले होते. आयुष्यभर ज्या निर्दोष नकलेची त्यांनी वाट पाहिली, ती अशी एका दुपारी फ्रिजवाल्या जावयाच्या हातून आली होती. तथापि यंत्राच्या शब्दावर सही करणे हे त्यांच्या रक्तात नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून ते स्वतः संगणकापुढे बसले. आरंभी होडी वारंवार खडकावर आपटली. परंतु लवकरच हात बसला. आधी मूळ तबकडीवर एक बेट पुरे करायचे, नंतर कॉपीवर तेच बेट, अशी त्यांची पद्धत होती. तबकडी बदलताना ते ती रुमालाने चष्म्यासारखी गरगर पुसून घेत. पहाटे तो समुद्र आधी करडा, मग तांबूस होई. कॉपीतही तितकाच तांबूस होई. एकदा एका खांबावर पांढरा पक्षी येऊन बसला. कॉपी लावून ते त्याच खांबापाशी गेले, तर तोच पक्षी तसाच उतरला आणि तशीच मान वळवून पाहू लागला. नक्कलनवीस खुर्चीवरून उठून उभे राहिले. असा आदर त्यांनी फक्त न्यायाधीशांना दिला होता.

इकडे लेक घरी येई, तेव्हा खुर्ची अडलेली असे. ती चहाचा कप घेऊन दारात उभी राही. "झालंच, कोळ्याचं बेट तेवढं राहिलंय," असे वडील मान न वळविता सांगत. कोळ्याच्या बेटानंतर विणकरणीचे बेट निघे. चहा उभ्यानेच संपे.

शेवटचे बेट तेवढे उरले असताना, त्या अविरत पुसण्याने जर्जर झालेली मूळ तबकडी यंत्रात कडकन तडकली.

लेक कामावरून आली, तेव्हा वडिलांनी दोन्ही तुकडे तिच्यापुढे ठेवले आणि झाले ते सांगितले. नक्कल प्रमाणित झाली असती, तर ती हक्काने अस्सलाच्या जागी बसली असती. वाळवीने खाल्लेल्या कागदांच्या बाबतीत ते असेच करीत आले होते. परंतु सही झालेली नव्हती. अस्सल नाही, सही नाही. अशी ही कॉपी आता कोणाचीच नव्हती, आणि ती घरात ठेवता येणार नव्हती.

"कालची तारीख घाला आणि करा सही," जावई म्हणाले. "कोण बघतंय?"

"मागची तारीख घालायची सवय असती, तर मी आज जावयाच्या घरी राहत नसतो."

जावयांनी पान्याकडे पाहिले. लेकीने तुकडे खोक्यात ठेवले. "असू दे बाबा, काही नाही होत," ती म्हणाली. सुई टोचण्यापूर्वी रुग्णांना ती ज्या आवाजात धीर देई, त्याच आवाजात.

त्या आवाजाने नक्कलनवीसांची झोप उडाली. दुसऱ्या दिवशी ती घरी येताच त्यांनी तिला शेजारी आणि जावयांना मागे उभे केले. अस्सल नष्ट झाले, तर ज्याने ते डोळ्यांनी पाहिले त्याची साक्ष काढता येते, आणि शेवटचे बेट तिने वाटेल तितक्या वेळा पाहिलेले आहे. पुढे काय येणार ते तिने आधी सांगायचे. मग ते होडी नेतील आणि लेखणीने खूण करीत पडताळतील.

लेक सांगू लागली. डावीकडे बुडालेली घंटा दिसेल; दिसली. मग धुके येईल, आणि धुक्यात कोणीतरी शीळ घालील; घातली. ती पडद्याकडे पाहतही नव्हती. रोज चहा पिता पिता आपली लेक केवढ्या मोठ्या प्रदेशात वावरत होती, हे वडिलांना प्रथमच समजत होते. दीपगृहाशी होडी लागली.

"आता म्हातारा दिवा मालवतो, आत जातो आणि दार लावून घेतो," ती म्हणाली. "संपलं."

म्हाताऱ्याने दिवा मालवला. दाराशी थांबला. मग वळला, आणि हळूहळू पायऱ्या उतरून होडीत येऊन बसला. होडी आपोआप फिरली आणि सारा काळा समुद्र तळापासून उजळत गेला, इतका की खोलीतील तिघांचेही चेहरे निळे झाले.

"हे असं कधीच झालं नव्हतं," लेक हलक्या आवाजात म्हणाली. "तुम्ही वेगळं काय केलंत?"

नक्कलनवीसांनी आठवून पाहिले. विशेष असे काहीच केले नव्हते. पहिल्या धक्क्यावर तेलाची बुधली पडली होती, ती त्यांनी ज्याची त्याला, म्हणजे या म्हाताऱ्याला, नेऊन दिली होती.

"ती आपल्या होडीच्या कंदिलाला लागते, बाबा. सगळे ठेवून घेतात."

"आपली नव्हती ना ती."

लेक त्यांच्याकडे पाहतच राहिली. नक्कलनवीसांनी मात्र लेखणी खाली ठेवली. साक्ष आणि नक्कल जुळली नव्हती. त्यांनी उठून तबकडी बाहेर काढली आणि पुष्कळ वेळ हातात धरली.

"ही अस्सलबरहुकूम नक्कल नव्हे," ते अखेर म्हणाले. "हे ज्याच्यावरून उतरलं म्हणावं, ते कोणी पाहिलेलंच नाही. मग हिला नक्कल म्हणायचं कशाच्या आधारावर?" आणि लेखणी उचलून त्यांनी तबकडीवर सुवाच्य अक्षरांत 'अस्सल' असे लिहून खाली सही केली.

लेकीच्या डोळ्यांत पाणी आले. ती रिकाम्या खुर्चीकडे हात नेणार, इतक्यात वडीलच सावरून तीत बसले.

"जावईबापू, अस्सल असं एकटं ठेवणं बरं नव्हे. हिची एक कॉपी काढून द्या. मुकाबला पहिल्या बेटापासून करावा लागेल."

जावयांनी बायकोकडे पाहिले. ती स्वयंपाकघरात गेली, दुसरी खुर्ची घेऊन आली आणि वडिलांच्या खुर्चीला चिकटवून तिने ती मांडली.

"वल्हं या खेपेला मी मारते," ती म्हणाली. "बुधली तेवढी तुम्ही द्या."