बुवांची कावीळ

माझं एक तत्त्व आहे. जे सासऱ्यांना जमतं ते जावयाला डाव्या हाताने जमलंच पाहिजे! नाहीतर त्यांनी मुलगी काय बघून दिली?

म्हणून बाबा हर्नियाच्या ऑपरेशनला निघाले तेव्हा मी छातीठोकपणे सांगून टाकलं, "बाबा, तुम्ही निर्धास्त जा. पाखरांचं मी बघतो!"

बाबांची पाखरं म्हणजे फिंच. लाल चोचीची, चिमणीहूनही लहान. आमची अख्खी गॅलरी जाळी ठोकून त्यांना दिलेली आहे आणि आमचे कपडे बाथरूममध्ये वाळतात. त्यातला एक नर असा खणखणीत गातो की त्याला घरात सगळे 'बुवा' म्हणतात, तेही आदराने. बुवा म्हणजे बाबांचा जीव की प्राण. सासूबाई गेल्यापासून बाबा मनातलं काही बोलत असतील तर ते बुवांशीच.

दारात बॅग घेऊन उभे असताना बाबा म्हणाले, "जावईबापू, एक लक्षात ठेवा. बुवा सध्या..."

"बाबा! मी काय कुक्कुलं बाळ आहे? दाणा, पाणी, झाडलोट. संपलं!"

"अहो, ऐकून तरी घ्या," बायको म्हणाली.

"लिफ्ट आली!" मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीत गेलो तर बुवा कोपऱ्यात! अंग फुगवून, मान आत खुपसून. गाणं सोडा, साधं टीपसुद्धा नाही.

"अहो, पिसंपण गळालीत हो त्यांची," बायको म्हणाली.

"काळजीने! लग्नानंतर माझे केस नाही का गळाले?"

बुवांना बुटाच्या खोक्यात घातलं आणि गल्लीच्या टोकाच्या जनावरांच्या डॉक्टरकडे पळालो. डॉक्टरांनी खोक्यात डोकावून बघितलं. चष्मा पुसला. पुन्हा बघितलं.

"एवढंसंच आहे?"

"एवढंसंच असतं!"

"हे बघा, मी कुत्र्यांचा माणूस. पण अंग फुगवलंय म्हणजे थंडी वाजत असणार. याला वेगळा ठेवा, दिव्याची ऊब द्या. आणि बाकीच्यांना खबरदारी म्हणून ही पूड पाण्यातून द्या. चिमूटभर!"

बुवांना माझ्या टेबललॅम्पखाली ठेवलं. संध्याकाळी बाबांचा फोन आला. आवाज पार खोल गेलेला.

"जावईबापू, ऑपरेशन झालं. आता जरा बुवांशी दोन शब्द बोलू द्या, म्हणजे बरं वाटेल."

आता काय सांगणार? टाके ओले, आणि मी म्हणू, बुवा आजारी आहेत? "हो हो, धरतो की फोन!" म्हणालो, गॅलरीत गेलो, बायकोकडे पाठ केली, ओठांचा चंबू केला आणि... "टीप! टीप! टिर्रर्र-टिप!"

पलीकडून कुणीतरी घुसमटल्यासारखा आवाज आला.

"बाबा! काय झालं?"

"काही नाही," बाबा घोगऱ्या आवाजात म्हणाले, "गहिवरून आलं. उद्यापण ऐकवा हं."

मग काय, हा रोजचाच कार्यक्रम झाला. बाबांच्या फर्माइशी सुरू झाल्या. "आज बुवा जरा वरच्या पट्टीत होऊ द्या." "काल ताना आखूड पडल्या हो." मी ऑफिसात फायलींआड रियाज करायला लागलो. माझी तयारी किती झाली होती, तर एका संध्याकाळी शेजारणीचं मांजर कठड्यावर येऊन बसलं आणि पाखरांकडे ढुंकूनही न बघता माझ्याकडे टक लावून बघत राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला आठवलं, बाकीच्यांची पूड राहिलीच! चिमूटभर एवढ्या पाखरांना कशी पुरणार? मी चार चमचे घातली. तीही परातीत, म्हणजे धक्काबुक्की नको. आणि ऑफिसला गेलो.

परत येऊन बघतो तर काय! झाडून सगळी पाखरं अंग फुगवून बसलेली. आणि पिवळी! पांढरी पोटं पिवळी, करडी डोकी पिवळी!

"कावीळ!" मी किंचाळलो. "अगं, साथ आली! सगळ्यांना कावीळ!"

"पाखरांना कावीळ होते?"

"तू आधी दिवे आण!"

घरातला एकूण एक दिवा खोक्यांवर लागला. बुटांची खोकी संपली, टोप्यांची संपली, शेवटी बायकोच्या शिवणयंत्राचं झाकणही वॉर्ड म्हणून ताब्यात घेतलं. बायको स्वयंपाकघरात मेणबत्तीवर भाजी चिरत होती आणि मला ऐकू जाईल अशा बेताने माझं कौतुक करत होती. मग मेणबत्ती घेऊन बाहेर आली.

"अहो, तुमची बोटं बघा."

बघितली. पिवळी! मी खालीच बसलो.

"मलाही लागण झाली गं! बाबांना सांग, जावई सेवा करता करता..."

"मेलं काही अभद्र बोलू नका! डॉक्टरांना फोन लावा."

फोन लावला. "डॉक्टर, कावीळ! पाखरांना आणि मला!"

"डोळे पिवळे आहेत का?"

"कुणाचे?"

"ते राहू द्या. पाणी कशात ठेवलंत?"

"परातीत."

"अहो गृहस्थ! पसरट भांड्यात पाणी दिसलं की पाखरं त्यात डुंबणारच! ओली झाली, म्हणून फुगली. आणि ती पूड मुळातच पिवळी आहे. मी प्यायला दिली होती, अंघोळीला नाही! साबण लावून धुवा."

"पाखरांना?"

"बोटांना!"

साथ अशी साबणाने गेली. पण बुवा? बुवा तसेच फुगलेले. बाबा दुसऱ्या दिवशी घरी यायचे होते. मी बुवांना तळहातावर घेतलं. वजन असं नाहीच. एवढंसं काळीज माझ्या बोटांवर धडधडत होतं. खरं सांगतो, मला रडू आलं.

"बुवा," मी म्हणालो, "तेवढे बाबा येईपर्यंत तग धरा हो. त्यांना तुमच्याशिवाय बोलायला कोण आहे?"

बुवांनी एक डोळा उघडला आणि माझ्या हातावरच शिटले.

बाबा आले ते चपला न काढता थेट गॅलरीत. जाळीपुढे उभे राहिले.

"ही कुणाची पाखरं?"

मी खोकं पुढे केलं आणि मान खाली घालून सगळं कबूल केलं. बाबांनी बुवांना अलगद उचललं, पाठीवर हळूच फुंकर मारली. पिसांखाली नव्या पिसांचे बारीक बारीक कोंब दिसत होते.

"धडधाकट आहेत की! पिसं झडायचे दिवस आहेत. दरवर्षी असेच फुगून, रुसून बसतात. महिनाभर गातसुद्धा नाहीत. तेच तर सांगत होतो, पण तुमची लिफ्ट आली."

मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! आणि मग ते वाक्य हळूहळू डोक्यात शिरलं.

"गात... नाहीत?"

"चोचही उघडत नाहीत."

"मग बाबा, फोनवर रोज..."

"पहिल्या दिवशी मी एकट्यानेच ऐकलं," बाबा म्हणाले. "दुसऱ्या दिवसापासून स्पीकर लावला. अख्खा वॉर्ड जमायचा हो! शेजारच्या खाटेवरच्या कंडक्टरचा तर टाका उसवला. शेवटी नर्सबाईंनी दम भरला, गाणं बंद, नाहीतर घरी पाठवीन!" हसता हसता बाबांनी पोट धरलं, डोळे पुसले. "जावईबापू, ही गेल्यापासून इतका हसलो नव्हतो मी."

यावर रागावणार तरी कसं?

आता बुवांना नवी पिसं आली आहेत. सकाळपासून असे गातात की शेजारी खिडक्या लावून घेतात. परवा संध्याकाळी त्या वॉर्डातून फोन आला. नवे पेशंट आलेत, त्यांना बुवांना ऐकायचंय. मी ऐटीत फोन जाळीला धरला. बुवांनी जीव तोडून ताना घेतल्या. पलीकडे जरा चुळबूळ झाली, मग उसवलेल्या टाक्यापायी अजून तिथेच अडकलेल्या कंडक्टरचा आवाज आला.

"हे नकोत हो. ते आधीचे बुवा द्या!"

द्यावेच लागतात हो, आजारी माणसं ती! फक्त हल्ली सुरू करण्याआधी मी गॅलरीचं दार लावून घेतो. मांजर रोज वेळेवर येतं.