दात्यांची फिरती पाटी

दान गुप्त असावं, हे सर्वांना मान्य आहे. फक्त ते कुणाचं, हे दिसायला हवं. अकोल्याच्या एका कॉलेजात त्रेसष्ट साली हा पेच विज्ञानानं सोडवला. सोडवणाऱ्या डेमॉन्स्ट्रेटरला त्यातून एवढंच मिळायचं होतं, की हंगामी नोकरी कायम व्हावी.

प्रयोगशाळेची जागा किसनरावांची, इमारत नत्थुजींची. दोघंही संचालक मंडळावर. दोघांनाही पाटीवर दुसरं नाव नको होतं. (खालीसुद्धा नको.)

डेमॉन्स्ट्रेटरनं प्लास्टिकचा बिनरंगी पातळ कागद गरम करून एकाच दिशेनं ताणला. असं केलं की आतले कण मुकाट रांगेत उभे राहतात. (मंडळाच्या निवडणुकीत हे कागदाविना साधतं.) त्यातून दोन्ही नावं कापून त्यानं एकाच काचेवर एकावर एक चिकटवली, ताणाची दिशा मात्र वेगळी ठेवली. काचेच्या पुढे-मागे एकाच दिशेचा उजेड सोडणाऱ्या काळसर फिल्मच्या चकत्या, मागे दिवा, बाजूला चकत्या फिरवायचा दांडा. दांडा वर केला की रंगीत अक्षरांत किसनराव झळकत आणि नत्थुजी नाहीसे होत. खाली केला की उलट.

दांडा हंगामी शिपाई श्रावणकडे दिला. ज्याची गाडी फाटकात शिरेल, त्याचं नाव.

किसनराव पाटी पाहून म्हणाले, "नत्थुजीचं नाव काढलं ना? मंग पाटी करणाऱ्या पोराले कायम करून टाका." दुसऱ्या दिवशी नत्थुजीही, किसनरावांचं नाव काढल्याबद्दल, तेच म्हणाले.

उद्घाटनाला मात्र नागपूरच्या पाहुण्यांच्या मोटारीत मान राखायला दोघंही बसले, आणि एकदमच उतरले.

"श्रावण, दांडा वर्त कर."

"काहून वर्त? खाल्त घे बे."

श्रावणनं दोन्ही मालकांचा मान राखला. दांडा मधोमध ठेवला. दोन्ही नावं अर्धी-अर्धी उजळून एकमेकांत शिरली. पाहुण्यांनी चष्मा पुसून बराच वेळ पाहिलं आणि भाषणात म्हणाले, "संस्थेचं संस्कृत ब्रीदवाक्य फार समर्पक आहे." टाळ्या पडल्या.

मंडळाच्या सभेत ठरलं, की दोष विज्ञानाचा नसून ते करणाऱ्याचा आहे. डेमॉन्स्ट्रेटरला घरी पाठवलं. पाटी ठेवली, कारण तशी दुसरी कुणाला करता येत नव्हती. दांड्याला भरवशाचा माणूस हवा, म्हणून श्रावण कायम झाला.

हिशेब असा : किसनरावांना नाव, नत्थुजींना नाव, श्रावणला नोकरी, संस्थेला ब्रीदवाक्य. किंमत एकट्या डेमॉन्स्ट्रेटरनं मोजली. त्याचं नाव पाटीनं कधी दाखवलं नाही, मी सांगितलं नाही, आणि इथवर वाचत आलात तरी तुम्हीही विचारलं नाही.